एका फाइलीवर दोघांचा हक्क

ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट 07’ हा गेम 2006 च्या अखेरीस आला आणि आपल्याकडे पुढची कित्येक वर्षं टिकला, तो मॉडमुळे, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेल्या बदलांमुळे. आयपीएल सुरू झाली 2008 मध्ये, त्यामुळे गेममध्ये ती असणं शक्यच नव्हतं. मग हौशी मंडळींनी संघांच्या जर्सी बनवल्या, खेळाडूंचे चेहरे बनवले, बॅटवरचे स्टिकरसुद्धा बनवले आणि पोरांनी ते सगळं पेनड्राइव्हवरून घरोघरी पोचवलं. बसवायची पद्धत सोपी होती. फाइली गेमच्या फोल्डरमध्ये कॉपी करायच्या आणि ‘या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?’ असं विंडोजने विचारलं की ‘हो’ म्हणायचं. त्या क्षणी जुनी फाइल कायमची जायची. नव्या मॉडने आधीच्या मॉडचं काम बिघडवलं, तर कुठली फाइल कोणी बदलली याचा पत्ता लागत नसे. गेम काढून टाकायचा आणि पुन्हा इन्स्टॉल करायचा, एवढाच इलाज उरायचा.

दोन मॉडना एकच फाइल बदलायची असेल तर काय करायचं, हा मॉडिंगमधला सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट प्रश्न आहे. तीस वर्षांत त्याची बरीच उत्तरं निघाली. ती ओळीने पाहिली तर मला एक गोष्ट ठळक दिसते. मॉडने हातात घेतलेला भाग जेव्हा जेव्हा लहान झाला, तेव्हा तेव्हा हा प्रश्न खरोखर सुटत गेला. क्रम लावून देणारी साधनं कितीही हुशार झाली, तरी त्यांनी तो फक्त पुढे ढकलला.

सुरुवात ‘डूम’पासून करावी लागते. डिसेंबर 1993 मध्ये आलेल्या या गेमचा सगळा माल, म्हणजे नकाशे, चित्रं, आवाज, ‘वॅड’ नावाच्या फाइलीत भरलेला होता. बदल करू पाहणाऱ्याने मूळ वॅडला हात लावायचा नाही, आपली वेगळी वॅड करायची आणि गेम सुरू करताना ती जोडून द्यायची. नंतर वाचलेल्या वॅडमधला तुकडा आधीच्या त्याच नावाच्या तुकड्याला झाकून टाकतो. याला अपवाद होते. चित्रांच्या बाबतीत मूळ इंजिन अडून बसायचं आणि डीहॅकएडसारखं साधन तर थेट गेमच्या एक्झी फाइलीतच बदल करायचं. तरी मूळ माल सुरक्षित ठेवायचा आणि जो शेवटी येईल त्याचं खरं मानायचं, हे दोन दंडक तिथे पडले. पहिला आजही अचूक आहे. पुढची सगळी डोकेदुखी दुसऱ्यातून आली.

ती डोकेदुखी पुरती समजून घ्यायची तर बेथेस्डा या कंपनीच्या गेमांकडे जावं लागतं. ‘मॉरोविंड’ (2002), ‘ऑब्लिव्हियन’ (2006), ‘फॉलआउट 3’ (2008) आणि सर्वांत जास्त मॉड ज्यांच्या वाट्याला आले त्या गेमांपैकी एक असलेला ‘स्कायरिम’ (2011). एकाच वेळी शेकडो मॉड लावून खेळणारे लोक इथे सर्रास भेटतात. इथली टक्कर दोन मजल्यांवर होते, आणि हे दोन मजले वेगळे आहेत हे न कळल्यामुळे नवे लोक वर्षानुवर्षं चाचपडत राहतात.

खालचा मजला फाइलींचा. टेक्श्चर, थ्रीडी आकार, आवाज, स्क्रिप्ट हा माल एकतर ‘बीएसए’ नावाच्या गठ्ठ्यांत असतो किंवा डेटा फोल्डरमध्ये सुटा पडलेला असतो, आणि सुटी फाइल गठ्ठ्यातल्या फाइलीवर मात करते. चार मॉडनी एकाच खडकाचं टेक्श्चर बदललं असेल तर दिसणार एकच. यात बिघाड काही नाही. तुम्हाला आवडेल ते वर ठेवा, काम झालं. यादीत टक्कर दिसली की घाबरून मॉड काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना सांगणं एवढंच की टेक्श्चरची टक्कर ही निव्वळ निवड असते. स्क्रिप्टची टक्कर मात्र खरी टक्कर. तिथे हरलेल्या मॉडचा अर्धा भाग चालतो, अर्धा चालत नाही, आणि खेळ वीस तास पुढे गेल्यावर एखादी क्वेस्ट अडकून बसते.

या मजल्यावर सर्वांत मोठी मजल मारली ती ‘मॉड ऑर्गनायझर’ने. आधीचे मॉड मॅनेजर फाइली खरोखर डेटा फोल्डरमध्ये ओतायचे, म्हणजे क्रिकेट 07 चीच पद्धत जरा नीटनेटकी करून. मॉड ऑर्गनायझर प्रत्येक मॉड त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि गेम सुरू होताना त्याला एक आभासी डेटा फोल्डर दाखवतो. गेमला वाटतं सगळं एकत्र आहे, प्रत्यक्षात डिस्कवर काहीच मिसळलेलं नसतं. मॉडच्या ओळी यादीत वरखाली केल्या की जिंकणारी फाइल बदलते. कोण कोणावर मात करतंय हे शेजारच्या छोट्या विजेच्या खुणांवरून कळतं आणि चूक झाली तर ओळ परत होती तिथे नेता येते. हा मॅनेजर लिहिणाऱ्या टॅनिन या प्रोग्रॅमरला पुढे नेक्सस मॉड्स या मॉडच्या संकेतस्थळाने कामावर घेतलं आणि त्यातून ‘व्हॉर्टेक्स’ तयार झाला. व्हॉर्टेक्स फाइली हार्डलिंकने जोडतो आणि ‘हा मॉड त्याच्यानंतर’ असे नियम आपल्याकडून घेतो. दोन्ही चांगले आहेत. मला स्वतःला मॉड ऑर्गनायझर जास्त पटतो, कारण त्यात निर्णय डोळ्यांसमोर राहतो.

वरचा मजला नोंदींचा. ईएसएम, ईएसपी, ईएसएल अशा शेपटांच्या प्लगिन फाइलींत गेममधल्या प्रत्येक वस्तूची, माणसाची, जागेची एकेक नोंद असते. प्लगिन एका ठरावीक क्रमाने लोड होतात. एकाच नोंदीला दोन प्लगिननी हात लावला तर शेवटच्याची नोंद घेतली जाते, आणि ती अख्खी घेतली जाते. सगळा गोंधळ या ‘अख्खी’मध्ये आहे.

उदाहरण म्हणून लिडिया घ्या. व्हाइटरनमध्ये जहागीरदाराकडून मिळणारी ही सोबतीण स्कायरिम खेळलेल्या प्रत्येकाला माहीत असते. तिच्या नोंदीत चेहऱ्याची ठेवण, केस, वजन, कपडे, कौशल्यं, लढण्याची पद्धत, दिवसभराचा दिनक्रम असं सगळं एकत्र असतं. समजा एका मॉडने तिचा चेहरा सुधारला आणि दुसऱ्याने फक्त लढण्याची पद्धत बदलली. दुसऱ्या मॉडच्या नोंदीत चेहऱ्याचे आकडेही असतातच, पण मूळ गेमचे. तो नंतर लोड झाला की पहिल्याचा चेहरा नोंदीतून पुसला गेला.

एवढंच झालं असतं तर जुना चेहरा दिसला असता आणि प्रकरण संपलं असतं. पण स्कायरिममध्ये चेहऱ्याचा आकार आणि त्यावरचा रंग यांच्या तयार फाइली वेगळ्या असतात, आणि त्या खालच्या मजल्यावर राहतात. तिथे पहिल्याच मॉडच्या फाइली जिंकलेल्या असतात, कारण दुसऱ्याने त्या दिलेल्याच नाहीत. आता नोंद सांगते एक आणि फाइल दाखवते दुसरं. गेम हे जुळवू शकत नाही आणि लिडियाचं धड गोरं, डोकं मात्र काळवंडलेलं करडं दिसू लागतं. हाच तो कुप्रसिद्ध ‘डार्क फेस’. टेक्श्चर खराब आहे असं समजून लोक तासन्‌तास टेक्श्चर बदलत बसतात. उपाय असा की नोंद आणि फाइल दोन्ही एकाच मॉडच्या जिंकल्या पाहिजेत, किंवा एक छोटा पॅच करून त्यात पहिल्याचा चेहरा आणि दुसऱ्याची लढण्याची पद्धत एकत्र लिहायची.

तो पॅच करायचं साधन म्हणजे एक्सएडिट. ऑब्लिव्हियनच्या काळात टीईएस4एडिट म्हणून ते सुरू झालं आणि पुढे प्रत्येक गेमसाठी त्याची आवृत्ती निघाली. एखादी नोंद उघडली की प्रत्येक प्लगिनचा एकेक रकाना शेजारी शेजारी दिसतो. डावीकडे मूळ गेम, सर्वांत उजवीकडे जिंकलेला प्लगिन. हरलेलं मूल्य लाल अक्षरांत, जिंकलेलं नारिंगी. नोंद नव्या प्लगिनमध्ये उतरवायची, हव्या त्या ओळी माउसने ओढून तिथे टाकायच्या, तो प्लगिन सर्वांत शेवटी ठेवायचा. पडदा पहिल्यांदा पाहताना छाती दडपते हे खरं. पण दोन संध्याकाळी बसलं की वाचता येतो, आणि एकदा वाचता आला की मॉडच्या नावावर विसंबून राहावं लागत नाही.

एक्सएडिटने एक लाजिरवाणी गोष्टही उघड केली. कितीतरी टकरी हेतूविना होतात. बेथेस्डाच्या क्रिएशन किटमध्ये नुसती पाहायला म्हणून नोंद उघडली आणि ओके दाबलं, तरी ती नोंद आपल्या प्लगिनमध्ये शिरू शकते, काहीही न बदलता. असा प्लगिन नंतर लोड झाला की आधीच्या मॉडने मेहनतीने केलेला बदल मूळ स्थितीला जातो. अशा नोंदी हौशी लोकांच्या मॉडमध्ये तर सापडतातच, बेथेस्डाच्या स्वतःच्या डीएलसीमध्येही सापडतात. त्या साफ करण्याची सोय एक्सएडिटमध्ये आहे, आणि मॉड प्रसिद्ध करण्याआधी ती वापरणं हे किमान कर्तव्य मानलं जातं, ते योग्यच आहे.

हाताने पॅच करणं दहा मॉडना परवडतं, तीनशेंना नाही. म्हणून यंत्राकडून काम करून घेण्याचे प्रयत्न मॉरोविंडपासून चालू आहेत. सर्वांत आधी हात घातला गेला तो ‘लेव्हल्ड लिस्ट’ना, म्हणजे दुकानदाराकडे काय मिळेल आणि मेलेल्या शत्रूच्या खिशात काय सापडेल ते ठरवणाऱ्या याद्यांना. एका मॉडने यादीत तलवारी घातल्या, दुसऱ्याने चिलखतं, आणि शेवटी लोड झालेल्याचाच माल गेममध्ये दिसायचा. ‘राय बॅश’ या साधनाने सगळ्या प्लगिनमधल्या याद्या वाचून एकत्र केलेला ‘बॅश्ड पॅच’ तयार करायला सुरुवात केली आणि हा त्रास बराचसा संपला.

यातली बारकाई पाहण्यासारखी आहे. समजा एका मॉडच्या यादीत लोखंडी खंजीर नाही. लेखकाने तो मुद्दाम काढला, की दुसऱ्या मॉडने घातलेला खंजीर त्याला ठाऊकच नव्हता? यंत्राला हे कळायचं कसं? म्हणून राय बॅशमध्ये टॅग आले. ‘डीलेव्ह’ टॅग लावला की काढलेली वस्तू मुद्दाम काढली असं समजायचं, ‘रीलेव्ह’ लावला की बदललेला आकडा मुद्दाम बदलला असं समजायचं. लेखकाचा हेतू यंत्राला सांगायची ही सोय आहे. मॉडच्या इतिहासातली ही मला सर्वांत विचारी कल्पना वाटते, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेलं.

लक्ष गेलं ते क्रम लावणाऱ्यांकडे. आधी ‘बॉस’, मग ‘लूट’. लूट शेकडो प्लगिनचा क्रम क्षणात लावून देतो, कोणाला कोण आधी लागतं ते पाहतो, अस्वच्छ प्लगिनबद्दल इशारा देतो. काम मोलाचं आहे. पण ‘लूट चालवलं, आता कॉन्फ्लिक्ट नाहीत’ हे वाक्य पूर्ण चुकीचं आहे. क्रम लावला म्हणजे जिंकणारा ठरला, हरणाऱ्याचा बदल गेला तो गेलाच. लिडियाच्या दोन मॉडना कसेही मागेपुढे ठेवा, एक हरणारच.

बेथेस्डाच्या गेमांत काही टकरी पॅचनेही सुटत नाहीत. पात्रांनी कुठून चालायचं ते सांगणारी नॅव्हमेश ही जाळी त्यांतली मुख्य. दोन मॉडनी एकाच चौकात घरं बांधली तर दोन जाळ्या यंत्राने जोडता येत नाहीत. कोणीतरी क्रिएशन किट उघडून त्रिकोण हाताने विणायला बसावं लागतं. ‘फॉलआउट 4’मध्ये परिसरातल्या वस्तूंचे तयार एकत्रित गठ्ठे असतात. एका मॉडने त्यातली एक भिंत हलवली तरी गठ्ठा मोडतो आणि त्या भागात फ्रेमरेट कोसळतो.

याहून वेगळी वाट बरीच आधी सापडली होती, ती दुसऱ्याच गेममध्ये. ‘बाल्डर्स गेट 2’ 2000 मध्ये आला. त्यातही ‘ओव्हरराइड’ नावाचं फोल्डर होतं आणि त्यात पडलेली फाइल मूळ फाइलीवर मात करायची. संवादांच्या फाइली तर सगळ्यांनाच बदलायच्या असत. तेव्हा वेस्टली वायमर या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘वायडू’ लिहिलं. पुढे वायमर याच विषयाचे प्राध्यापक झाले आणि प्रोग्रॅममधल्या चुका यंत्राने आपोआप दुरुस्त कराव्यात यावरच्या संशोधनासाठी ओळखले गेले. वायडूमध्ये मॉड तयार फाइल घेऊन येत नाही, सूचना घेऊन येतो: अमक्या संवादात अमक्या वाक्यानंतर हे उत्तर जोड, अमक्या तलवारीचा हा आकडा एवढ्याने वाढव. तलाठी अख्खा सातबारा नव्याने लिहीत नाही, फेरफाराची नोंद घालतो, तशी ही रीत. दुसरा मॉड त्याच फाइलीवर आला तर पहिल्याच्या बदलासकट जी फाइल आहे तिच्यावर तो काम करतो. इन्स्टॉलचा क्रम एका लॉगमध्ये राहतो. मधलाच मॉड काढायचा असेल तर वायडू त्यानंतरचे सगळे एकेक करून उतरवतं, हवा तो काढतं आणि बाकीचे पुन्हा चढवतं. वेळ लागतो. पण हिशेब चुकत नाही.

पुढच्या काळात जे जे चांगलं झालं ते याच दिशेने. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ (2016) मध्ये सुरुवातीला लोक एक्सएनबी फाइलीच बदलून टाकायचे. एका पात्राचं एक वाक्य बदलायला त्याची सगळी वाक्यं ताब्यात घ्यायची आणि गेमची नवी आवृत्ती आली की सगळं मोडायचं. ‘कंटेंट पॅचर’ आल्यावर मॉड म्हणू लागला की फक्त हे वाक्य, चित्राचा फक्त हा चौकोन, तोही पावसाच्या दिवशीच. ‘रिमवर्ल्ड’मध्ये एक्सएमएलच्या नेमक्या ओळीला पत्ता देऊन बदल करता येतो आणि प्रोग्रॅमच्या आतले बदल ‘हार्मनी’ या लायब्ररीतून होतात. हार्मनीने एका फंक्शनच्या आधी आणि नंतर अनेक मॉडना आपला कोड लावता येतो. अर्थात आधी लागलेल्या एखाद्याने मूळ फंक्शन चालूच दिलं नाही तर इतरांची पंचाईत होते, आणि ही टक्कर फाइलींच्या यादीत कुठेच दिसत नाही. ‘फॅक्टोरिओ’ने तर मॉड वाचण्याचे तीन टप्पे केले. आधी सगळ्यांनी आपला माल मांडायचा, मग दुसऱ्यांच्या मालात फेरबदल करायचे, मग शेवटची दुरुस्ती. गेम बनवणाऱ्यांनीच ही व्यवस्था आधी ठरवली, म्हणून तिथे मॉड लावणं इतकं निर्धोक आहे. ‘माइनक्राफ्ट’मध्ये ठोकळ्यांना आकडी क्रमांक होते तोवर दोन मॉडनी एकच क्रमांक घेतला की गेम बंद पडायचा आणि खेळणारे कॉन्फिग फाइलीत हाताने क्रमांक बदलत बसायचे. क्रमांकांची जागा नावांनी घेतली आणि तो प्रकार इतिहासजमा झाला.

‘विचर 3’ (2015) ची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या स्क्रिप्ट साध्या मजकुराच्या फाइली आहेत आणि नायकाचं वागणं बदलणारे बहुतेक मॉड प्लेअरविचर या एकाच स्क्रिप्टवर तुटून पडतात. तिथे चाहत्यांनी ‘स्क्रिप्ट मर्जर’ बनवला. मूळ फाइल, पहिल्या मॉडची, दुसऱ्याची, अशा तिन्ही शेजारी ठेवून कोणी कुठली ओळ बदलली ते पाहायचं. ओळी वेगळ्या असतील तर यंत्र आपोआप जोडतं, ओळ एकच असेल तर माणसाला विचारतं. एकत्र झालेली फाइल ज्या फोल्डरमध्ये जाते त्याच्या नावात ‘मॉड’नंतर चार शून्यं असतात, कारण इथे वर्णक्रमात पहिला येणारा जिंकतो, स्कायरिमच्या बरोबर उलट. एका गेमवरून दुसऱ्यावर गेलेले लोक इथे हमखास फसतात.

स्कायरिमलाही उशिरा का होईना ही वाट मिळाली. गेमचं इंजिन विस्तारणाऱ्या एसकेएसईच्या आधाराने ‘स्पेल पर्क आयटम डिस्ट्रिब्युटर’ आणि ‘बेस ऑब्जेक्ट स्वॅपर’ यांसारखी साधनं आली. आता शंभर पात्रांना एक नवं कौशल्य द्यायचं तर शंभर नोंदी बदलाव्या लागत नाहीत. एका साध्या मजकुराच्या फाइलीत नियम लिहायचा, गेम चालू होताना तो लागू होतो, नोंदीला कोणी हात लावलेलाच नसतो. ‘ओपन अ‍ॅनिमेशन रिप्लेसर’मध्ये अ‍ॅनिमेशनच्या फाइली एकमेकांवर न पडता अटींनुसार निवडल्या जातात. नवा मॉड करणाऱ्याने आज आधी ही साधनं पाहावीत, प्लगिन नंतर.

तरीही एक भाग उरतोच. दोन मॉडनी शत्रूंना बळ दिलं, दोघांचे बदल वेगवेगळ्या ओळींत, एकही फाइल आपटली नाही, एक्सएडिटमध्ये लाल काही नाही. गेम मात्र खेळवेना, कारण शत्रू दुप्पट चिवट झाले. फाइली जुळल्या म्हणजे कल्पना जुळल्या असं होत नाही. तिथे कोणीतरी खेळून पाहावं लागतं आणि ठरवावं लागतं की कोणाचं ऐकायचं.

हे ठरवण्याचं काम आता वाटून घेतलं जातं. ‘वाबाजॅक’च्या याद्या किंवा नेक्ससची ‘कलेक्शन्स’ म्हणजे कोणीतरी शेकडो मॉड निवडून, त्यांच्या टकरी सोडवून, मधले पॅच लिहून तयार ठेवलेला संच. ज्यांना फक्त खेळायचं आहे त्यांच्यासाठी ही मोठी सोय. पण तिची किंमत मॉडलेखकांना मोजावी लागली. जुलै 2021 मध्ये नेक्ससने जाहीर केलं की यापुढे फाइल कायमची पुसता येणार नाही, ती संग्रहात राहील, कारण यादीतली एक फाइल गायब झाली तर अख्खी यादी मोडते. ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांना आपलं काम काढून नेण्यासाठी मुदत दिली गेली आणि काहींनी ते नेलंही. दोन्ही बाजूंचं म्हणणं समजण्यासारखं आहे. तरी ज्याने फुकट काम दिलं त्याचा आपल्या कामावरचा हक्क आधी, असं माझं मत आहे.

गेमची कंपनी अपडेट काढते तेव्हा सगळ्यांची एकदमच टक्कर होते. नोव्हेंबर 2021 च्या स्कायरिम अपडेटनंतर आणि एप्रिल 2024 च्या फॉलआउट 4 अपडेटनंतर इंजिनशी जोडलेले असंख्य मॉड बंद पडले. म्हणून खेळणाऱ्याने दोन पथ्यं पाळावीत: आपोआप होणारं अपडेट थांबवून ठेवणं आणि चालू असलेल्या खेळाच्या मधोमध मॉड न काढणं, कारण स्क्रिप्टचे अवशेष सेव्हमध्ये राहून जातात.

मॉड बनवणाऱ्यांना, आणि त्यांत मराठी मुलंमुलीही आहेत, एक विनंती आहे. तुमचा मॉड कुठल्या नोंदींना आणि कुठल्या फाइलींना हात लावतो ते वर्णनात स्पष्ट लिहा, काय मुद्दाम काढलं तेही लिहा, आणि दुसऱ्याला पॅच करण्याची परवानगी आधीच देऊन ठेवा. खेळणाऱ्यांनो, टक्कर सापडली तर ‘मॉड चालत नाही’ एवढंच लिहून थांबू नका. कुठली नोंद, कुठला दुसरा मॉड, कोणता क्रम, हे कळवा. लेखकाचे त्यात कित्येक तास वाचतात.